हजेरीबुकातलं नाव

बदली कामगार गिरणीच्या फाटकावर कसे उभे राहायचे, हे आमचे आजोबा फार बारकाईनं सांगायचे. पहाटेचा भोंगा झाला की पन्नास-साठ माणसं दाराशी जमायची. कोण गैरहजर आहे याचा हिशेब डोक्यात घेऊनच जॉबर बाहेर यायचा आणि बोट करायचा, तू, तू आणि तो मागचा. ज्यांच्याकडे बोट गेलं त्यांना त्या दिवसाची मजुरी. बाकीच्यांनी दुसऱ्या पाळीला पुन्हा येऊन उभं राहायचं. जॉबरची दस्तुरी ठरलेली असे. शिवाय गावाहून येताना त्याच्या घरी कुळीथ, फणस, सोलं पोचवायची. आजोबा राजापूरकडचे. कित्येक वर्षं अशी बदलीत काढल्यावर त्यांचं नाव हजेरीबुकात चढलं. त्या दिवशी त्यांनी चाळीतल्या एका शिकलेल्या शेजाऱ्याकडून गावी पत्र लिहवून घेतलं. पत्रात एवढाच मजकूर होता: कायम झालो, काळजी करू नये.

त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायची माझी इच्छा नाही, आजोबांनीही तो कधी दिला नाही. साचेखात्यात धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे, आणि तेवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत. चांगला पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आजोबा हे सांगायचे ते अगदी म्हातारपणी, आवाज खाली आणून. आपण तेव्हा गप्प बसलो, हे त्यांना डाचत असावं. ज्या दारासाठी त्यांनी इतकी वर्षं झिजवली, ते दार काहींना कधीच उघडणार नव्हतं.

आजोबा कामाला लागले तेव्हा रविवारची सुटी मिळून पस्तीसेक वर्षं झाली होती. ती काही मालकांनी दयेपोटी दिलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातून सतत लिहिलं, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी ही सुटी पदरात पडली. आमच्या घरात लोखंड्यांचं नाव देवाच्या नावाइतक्या आदरानं घेतलं जाई. आज मी जिथे काम करतो तिथे पगार भरलेल्या ड्युट्यांवर निघतो. सुटी घेतली की त्या दिवसाचे पैसे जातात. म्हणून पोरं महिन्याचे तीसही दिवस येतात, वर एखादी डबल ड्युटीही मारतात. कागदावर सुटी आहे. ती घेणं कुणाला परवडत नाही.

१९२८ चा संप आजोबांनी अगदी तरुणपणी पाहिला. एका विणकरानं दोनऐवजी तीन साचे चालवायचे, असं मालकांनी ठरवलं होतं. त्याचा अर्थ कामगाराला समजावून सांगावा लागला नाही. तिघांच्या कामाला दोघे पुरणार आणि तिसरा गावी जाणार. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच धामधुमीत जन्मली. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होत, म्हणून मे महिन्यातच माणसं बोचकी बांधून निघाली. आजोबाही गेले, शेत लावलं आणि दिवाळीच्या सुमाराला परत आले. गाव पाठीशी होतं म्हणून सहा महिने तग धरता आला, असं ते म्हणायचे.

माझी आत्या वाइंडिंग खात्यात होती. तिथे सगळ्या बाया, वर नाईकीण. तुटलेल्या सुताची दोन टोकं अंगठ्यावर आडवी धरून ती अशी गाठ मारायची की गाठ बोटाला लागायचीसुद्धा नाही. म्हातारपणी दिसेनासं झालं तरी वातीच्या सुताला ती तशीच गाठ मारून दाखवी. ही गाठ तिला एका शेजारणीनं शिकवली होती, आणि तिनं पुढे किती जणींना शिकवली त्याचा हिशेब नाही. गिरणीत नवा माणूस असाच तयार होई. चुलत्याच्या, मामाच्या साच्यापाशी काही महिने फुकट उभं राहायचं, पाहायचं, शिव्या खायच्या आणि हात बसवायचा.

बाबा रिंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बोनस आणि पगारवाढ या मागण्या सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. एका संघटनेलाच मान्यता देणारा १९४६ चा कायदा रद्द करा आणि बदली कामगारांना कायम करा, या मागण्याही त्यात होत्या. आजोबांच्या पत्रातलं ‘कायम झालो’ आणि ही मागणी यांच्यात पन्नासेक वर्षांचं अंतर आहे, हे आठवलं की मन विषण्ण होतं. त्या दिवसांत वाण्यानं उधारी थांबवली नाही. खानावळवाल्या बायांनी डबे चालू ठेवले. त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच बांधली होती. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. बाबांना परत घेतलं नाही. पुढे ते एका सोसायटीत रखवालदार झाले आणि गिरणीचा विषय निघाला की उठून गॅलरीत जाऊन उभे राहू लागले.

मी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो. ठाण्याच्या एका कारखान्यात कायम होतो, तो बंद पडला. आता साठीला टेकलो आहे आणि लोअर परळच्या एका टॉवरमध्ये देखभालीच्या कामावर आहे. एकेकाळी त्या जमिनीवर गिरणी होती. १९९१ च्या विकास नियमावलीनं गिरण्यांची जमीन तीन वाट्यांत विभागायची ठरवली होती: शहराच्या मोकळ्या जागेला, सार्वजनिक घरांना आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मालकांचीच बाजू टिकली.

या टॉवरची इमारत एकाची. तीत ऑफिस थाटलेली कंपनी दुसरी, देखभालीचं कंत्राट तिसरीकडे आणि माणसं पुरवणारी एजन्सी चौथी. एजन्सी बदलली की माणूस तोच, पाना तोच, शर्टाचा रंग नवा आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यानं पाच वर्षं सलग सेवा मागितली. ती अशा माणसानं कुठून दाखवायची? पेन्शनचंही तसंच. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. गॅसचं सिलिंडर आणल्यावर त्यातलं फारसं काही उरत नाही. म्हणून माझ्या वयाची माणसं गुडघ्याला पट्टा बांधून जिने चढतात.

आमच्यातल्या एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून तो कामावर आला, तर हजेरीच्या ॲपला त्याचा चेहरा ओळखू येईना. चष्मा काढला, तरी डोळा सुजलेला. त्या आठवड्यात त्यानं पंपाचं कपलिंग बदललं, रात्री पाणी भरलं तेव्हा उभा राहून टाकीवर लक्ष ठेवलं. पगारात ते सगळे दिवस गैरहजेरी. सुपरवायझर भला मुलगा आहे. तो कळवळून म्हणाला, “काका, तुम्ही माझ्यासमोर उभे आहात, मला दिसतंय. पण सिस्टिममध्ये मला काही बदलता येत नाही.” आजोबांचा जॉबर लाचखाऊ होता, मारकुटा होता. पण त्याच्या दारात जाऊन बसता येत होतं. चार माणसं घेऊन त्याला जाब विचारता येत होता. आमच्या पोटावर कोण बोट ठेवतं त्याचं तोंडच आम्हाला माहीत नाही, आणि याचा मला पगाराच्या आकड्याहून जास्त संताप येतो.

दुसरं दुःख माझं एकट्याचं नाही, माझ्या वयाच्या सगळ्या हातांचं आहे. मोटर बिघडणार हे कळायला आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. आतली गोळी झिजली असेल तर आवाजात बारीक खरखर येते. ती ओळखायला वर्षं लागतात. मला ती एका वृद्ध फिटरनं शिकवली. माझ्या हाताखाली मात्र कुणी टिकत नाही. मुलगा हुशार असतो, चार महिन्यांत त्याचा कान तयार होऊ लागतो, तेवढ्यात एजन्सी त्याला दुसऱ्या साइटवर हलवते, किंवा तोच सामान पोचवायच्या कामावर निघून जातो, कारण तिथे रोजचे पैसे रोज हातात पडतात. त्याला मी दोष देत नाही. ज्या कामात उद्या नाही, त्याची कला शिकायला त्यानं का थांबावं?

त्या मोतीबिंदूवाल्याच्या कापलेल्या पगारासाठी आम्ही अर्ज लिहिला. ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो मूळ मालकानं भरायचा, हे कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. मूळ मालक कोण, यावर आमच्यातच वाद झाला, म्हणून चारही नावं घातली आणि चारही ठिकाणी अर्ज नेला. तिघांनी तो घेतलाच नाही. चौथ्याच्या कचेरीत एका मुलीनं वाचून पाहिला आणि शिक्का मारून पोच दिली. पैसे अजून आलेले नाहीत. पुढचा अर्ज कामगार आयुक्तांकडे जाईल. त्यावर सही करायला दोन तरुण मुलं आपणहून तयार झाली आहेत. त्यांनी आपल्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि पीएफचे नंबर घेऊन यावं, असं मी सांगितलं आहे.