मंडळीचा पाळक कोणी निवडावा?

महोत्सवाच्या ह्या प्रसंगी आपल्या धर्मग्रामात सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचे स्मरण आपण करीतच आहो. परंतु आपल्याच प्रांतात प्रभूच्या नावाने झटलेल्या दुसऱ्या एका पंथाच्या पाळकांची हकीगत आपल्या वाचकांस सहसा ठाऊक नसते. हे पाळक म्हणजे मुंबई, पुणे व जालना येथील स्कॉच मिशनाच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे होत. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने विभक्त बंधूंकडे आदराने पाहावयास शिकविले. त्यास अनुसरून हे चार शब्द लिहीत आहो.

‘प्रेस्बिटर’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘वडील’ असा आहे. ह्या पंथात बिशप नसतात. मंडळीने निवडलेले वडील व पाळक मिळून कारभार पाहतात. तेव्हा पाळक कोणी निवडावा, हा प्रश्न त्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा होय. ह्याच प्रश्नावरून १८४३ साली स्कॉटलंडात मोठी फूट पडली. जमीनदाराने आपल्या हक्काने पाळक आणून बसवावा व मंडळीने तो निमूटपणे पत्करावा, हे ज्यांस मान्य नव्हते, त्यांनी ‘फ्री चर्च’ ही वेगळी मंडळी स्थापिली. १८२९ पासून मुंबईत काम करणारे डॉ. जॉन विल्सन हेही तिला मिळाले, आणि त्यापायी शाळेच्या नव्या इमारतीवर त्यांनी पाणी सोडले.

परंतु जो हक्क स्कॉटलंडातील मंडळीस हवा होता, तो येथील मंडळीस केव्हा मिळणार? परदेशी मिशनरी कितीही प्रेमळ असला, तरी घरच्या भाषेत दुःख सांगावयास घरचाच मनुष्य लागतो. १८३९ साली बाप्तिस्मा घेतलेले पारशी तरुण धनजीभाई नौरोजी यांस १८४६ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पारशी समाजात मोठी खळबळ उडून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते.

त्यांच्यामागून आले नारायण शेषाद्रि. ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा १८४३ सालचा. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. परंतु तो अल्पवयी असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. त्यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही, ह्यावरून शास्त्रीमंडळींत मोठा वाद माजला, व बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाचा पक्ष घेतला. ह्या प्रकरणात केवळ एकाच बाजूचे अश्रू मोजणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. एका घरातून दोन मुलगे निघून गेले. त्या आईबापांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे कोणाही गृहस्थास सहज समजेल.

नारायणराव १८५४ साली पाळक झाले. पुढे निजामाच्या राज्यात जालन्यास जाऊन त्यांनी मुख्यत्वे मांग समाजात काम केले व जवळच ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. ज्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानीत, त्यांच्या पंक्तीस हा ब्राह्मण पाळक बसला. १८७३ साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेत त्यांनी भाषण केले. तरी त्यांची खरी कमाई जालन्यासच होती. १८९१ साली ते वारले.

पुण्याच्या मंडळीस १८६७ साली बाबा पदमनजी पाळक लाभले. बेळगावास १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या ह्या गृहस्थांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख वेशीवर टांगले होते. काही वर्षांनी पाळकपद सोडून त्यांनी लेखणीस वाहून घेतले.

पुढे १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यात ही परंपराही सामील झाली, आणि एके काळी बिशप नको म्हणणाऱ्या ह्या मंडळ्यांस बिशप आले! आपल्या पंथात धर्मगुरूस बिशप पाठवितात. परंतु पाठविलेला असो वा निवडलेला असो, लोकांच्या दारी जाऊन त्यांच्या ताटात जेवल्यावाचून तो त्यांचा होत नाही. जालन्याच्या त्या पाळकापासून आम्ही धर्मगुरूंनी एवढे तरी शिकावे, आणि आपण आमच्यासाठी तशी प्रार्थना करावी, ही विनंती.