दाढी, साखर आणि मोजमाप : स्त्रियांमधील अतिलोमतेचा इतिहास

स्त्रीच्या हनुवटीवर, ओठावर, छातीवर किंवा पोटावर पुरुषांसारखे जाड, काळे केस येणे याला अतिलोमता किंवा हिर्सुटिझम म्हणतात. आपल्याकडे हा प्रश्न बहुधा पार्लरमध्येच सोडवला जातो. पण या केसांचा रक्तातील साखरेशी संबंध असल्याचे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आले होते. ते निरीक्षण बराच काळ मागे का पडले, हे या टिपणात पाहू.

हिप्पोक्रेटिसच्या नावावरील प्राचीन ग्रीक ग्रंथांत अब्डेरा नगरातील फेथूसा हिची हकीकत आहे. पती हद्दपार झाल्यावर तिची पाळी थांबली, तिला दाढी आली आणि पुढे ती दगावली. पाळी आणि केस यांची एकत्र नोंद येथे मिळते. साखरेचा उल्लेख अर्थातच नाही.

तो 1921 साली पॅरिसमध्ये आला. आशार आणि तिएर या डॉक्टरांनी ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ या नावाने या दोन लक्षणांची सांगड घातली. त्याच वर्षी टोरांटोत बॅन्टिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन वेगळे करण्यात यश आले. इन्सुलिन लवकरच औषध म्हणून हाती आले, पण रक्तात ते किती आहे हे मोजता येत नव्हते.

1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळीची अनियमितता, आकाराने वाढलेले अंडाशय आणि काहींच्या अंगावर जास्त केस. अंडाशयाचा काही भाग कापून काढल्यावर पाळी सुरू झाली. त्यामुळे सगळ्यांचे लक्ष अंडाशयावर गेले. पाळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, केस त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि साखर फिजिशियनकडे, अशी एकाच रुग्णाची वाटणी झाली.

ही कोंडी मोजमापाने फोडली. 1960 च्या सुमारास यॅलो आणि बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअ‍ॅसे पद्धतीने रक्तातील इन्सुलिन मोजता येऊ लागले. 1961 मध्ये फेरिमन आणि गॅल्वे यांनी शरीराच्या 11 भागांवरील केसांना 0 ते 4 गुण देण्याची पद्धत मांडली. 1980 मध्ये मेम्फिसच्या बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची यांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांत पुंसंप्रेरके आणि इन्सुलिन यांची पातळी एकमेकांशी निगडित असल्याचे दाखवले.

यामागची यंत्रणा अशी : पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. ते अंडाशयाला जास्त पुंसंप्रेरके बनवायला लावते. शिवाय, ही संप्रेरके बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही कमी होते. मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि बारीक लव जाड केसांत बदलते.

तरीही 1990 आणि 2003 साली ठरलेल्या पीसीओएसच्या निदान-निकषांत साखर किंवा इन्सुलिन यांपैकी काहीच नाही. निदान झाल्यावर साखर तपासावी, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण त्यासाठी मुलगी डॉक्टरपर्यंत पोहोचायला हवी. प्रत्येक जास्तीचा केस म्हणजे आजार नव्हे. काही घराण्यांत केस मुळातच जास्त असतात. मात्र केसांबरोबर पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल किंवा मानेची त्वचा काळी, जाड होत असेल, तर थ्रेडिंगच्या आधी साखरेची तपासणी करून घ्यावी.