जमा आणि नांवें

राज्यांच्या इतिहासांत लढायांना जितकी जागा मिळते, तितकी दुकानदाराच्या वहीला मिळत नाहीं. वस्तुतः सामान्य माणसाचें सुखदुःख लढाईपेक्षां वहीवरच अधिक अवलंबून असतें. आज परभणी जिल्ह्यांत चहाच्या गाड्यावर व भाजीच्या पाटीपाशीं काळ्यापांढऱ्या चौकटींचा जो कागद चिकटविलेला दिसतो, ज्यास लोक 'स्कॅनर' म्हणतात, त्याचा विचारही वहीच्या इतिहासांतूनच केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें हाली शिक्का चाले, तर इंग्रजी मुलखांत कलदार. आणि सात हाली रुपयांस सुमारें सहा कलदार असा भाव असे. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी सुरू झाली, आणि सेलू-मानवतच्या बाजारांचा बाहेरच्या मुलखाशीं संबंध वाढला. दोन नाण्यांचा मेळ घालील व हुंडी वाचील, तो व्यापारी! पाटी घेऊन बसणाऱ्या बाईची पत कोणत्याच वहींत नसे. तिचें नांव वहींत आलेंच, तर तें सावकाराच्या वहींत, 'नांवें' या बाजूस.

वही एकाच पक्षाच्या हातीं राहिल्यास काय होतें, हें शेजारच्या इंग्रजी मुलखांत दिसून आलें. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले. परंतु त्यांचा रोख माणसांच्या जिवापेक्षां खतांवर व कागदांवर होता, आणि तेच त्यांनीं जाळले. पुढें १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्यास पावती व वर्षाचा हिशोब सावकाराकडून मागण्याचा हक्क दिला. ज्याच्याविषयीं लिहिलें जातें, त्याला तें पाहतां आलें पाहिजे, हें तत्त्व त्या हक्कांत मान्य झालें.

आतां वर्तमानाकडे वळूं. ११ एप्रिल २०१६ रोजीं 'यूपीआय' ही पद्धति जाहीर झाली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, आणि रोकडीच्या टंचाईनें पुष्कळ लोक मोबाईलकडे वळले. १ जानेवारी २०२० पासून या देवघेवीबद्दल दुकानदारावर पडणारा आकारही उठला. जून २०२० मध्यें 'स्वनिधि' योजनेनें शहरांतील पथविक्रेत्यांस तारणाशिवाय दहा हजारांपर्यंत कर्ज देऊं केलें, व मोबाईलनें पैसे घेणाऱ्यास वर्षास १,२०० रुपयांपर्यंत परतावा ठेविला. ज्या वर्गाचें नांव केवळ ऋणको म्हणून लिहिलें जाई, त्याची कमाईही आतां लिहिली जाऊं लागली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु ही वहीही अर्धीच आहे. सावकार 'नांवें' तेवढें लक्षपूर्वक लिही. यंत्र 'जमा' तेवढें लिहितें. पहाटे मोंढ्यांत रोखीनें घेतलेला माल, वायां गेलेली भाजी, घरच्यांनीं उसने पाठविलेले पैसे, यांचा भेद त्यास कळत नाहीं. जुलै २०२५ मध्यें कर्नाटकांत करखात्यानें याच नोंदींच्या आधारें छोट्या दुकानदारांस नोटिसा धाडल्या, तेव्हां बंगळूरांत कित्येक ठिकाणीं 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. कर चुकवावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हें सिद्ध करावयाचें तर खर्चाची वही हवी, आणि ती बहुधा ठेविलेली नसते.

तेव्हां गाड्यावर कागद चिकटविला म्हणजे काम संपलें, असें मानूं नये. कर्ज देणाऱ्या बँकेनें व नगरसंस्थेनें विक्रेत्यास मराठींत रोजमेळ ठेवण्यास शिकवावें, आणि यंत्रांतील त्याचा हिशोब महिन्याकांठीं त्याच्याच भाषेंत त्याच्या हातीं द्यावा. १८७९ सालीं कर्जदार शेतकऱ्यास जें देणें न्याय्य वाटलें, तें आज भाजीवालीस नाकारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.