उसाच्या फडातली बाई आणि हार्मोनच्या गोळीचा इतिहास

१/ दिवाळी सरली की जुन्नर-आंबेगावच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. बीड-नगरकडून आलेल्या टोळ्या ऊस तोडतात आणि तो निवृत्तीनगरच्या विघ्नहर किंवा पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे जातो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल दोघांची, आणि दिवस चुकला तर खाड्याचा दंड. पाळी गेल्यावर कित्येक वर्षांनी हार्मोन घ्यावेत का, या प्रश्नाचा इतिहास या बाईला वगळून सांगता येत नाही.

२/ सुश्रुतसंहितेने पाळीचा काळ १२ ते ५० वर्षे सांगितला. पुढचे शरीर जरेने पक्व झालेले. विसाव्या शतकाने त्याच पक्वतेला आजार ठरवले. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची ‘प्रेमारिन’ ही गोळी विक्रीस आली. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ लिहून चिरतारुण्याची आशा दाखवली. (स्त्रीला तिच्या वयाची लाज विकणे हा जुनाच धंदा.) १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसला, मग गर्भाशय असलेल्या स्त्रीसाठी प्रोजेस्टोजेनची जोड आवश्यक मानली गेली.

३/ हार्मोन हृदयाचे रक्षण करतात, हा समज मात्र टिकून होता. तो तपासण्यासाठी अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही चाचणी झाली. जोडगोळीच्या गटात १६,६०८ स्त्रिया. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला: दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८ आणि स्तनकर्करोगाच्या ८ घटना जास्त आढळल्या. जगभर गोळ्या बंद झाल्या.

४/ त्या घबराटीत एक आकडा मागे पडला. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. २००७ च्या फेरविश्लेषणात हृदयाचा धोका मुख्यतः उशिरा सुरुवात करणाऱ्यांत दिसला. म्हणून आज साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत, त्रास असेल तर आणि इतर धोके नसतील तर, उपचार बहुधा हिताचा मानतात. त्यानंतर केवळ हृदयासाठी वा स्मरणशक्तीसाठी तो सुरू करू नये, असा सल्ला आहे. योनीच्या कोरडेपणासाठीचे अल्पमात्रेचे मलम ही वेगळी गोष्ट. ते उशिराही चालू शकते.

५/ आता पुन्हा फडात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पिशवी काढली की खाडा टळतो, हा त्यामागचा एक हिशेब.

६/ समजा, बत्तिशीत शस्त्रक्रिया झालेली बाई आज ४६ वर्षांची आहे. अंडाशयही काढले असतील, तर तिच्या रजोनिवृत्तीला १४ वर्षे झाली: वयाने साठीच्या आत, वर्षांच्या हिशेबाने मुदतीबाहेर. हाडे आणि हृदय जपण्यासाठी तिला हार्मोन तेव्हाच सुरू करून साधारण पन्नाशीपर्यंत द्यायला हवे होते. अंडाशय ठेवले असतील, तर ते केव्हा थकले हे कळणार कसे? पाळी तर शस्त्रक्रियेच्या दिवशीच थांबली. म्हणून डॉक्टर गोळीआधी तिच्याकडे जुना कागद मागतील, डिस्चार्ज कार्ड. सहा महिने या गावी, सहा महिने त्या गावी राहणाऱ्या संसारात तो कागद कुठल्या ट्रंकेत असेल, कोण जाणे.