चितमपल्ली, मारुती भुजंगराव

(५ नोव्हेंबर १९३२ – १८ जून २०२५). मराठी निसर्गलेखक, कोशकार आणि महाराष्ट्राच्या वनखात्यातील अधिकारी. जन्म सोलापूरचा, घरची भाषा तेलुगू. रानाची पहिली ओळख त्यांना आई आणि मामांकडून झाली. वनसेवेचे रीतसर शिक्षण त्यांनी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात घेतले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी नोकरी करून ते १९९० मध्ये निवृत्त झाले.

त्यांच्यातला लेखक घडला तो मुख्यतः नवेगावबांधला. आज गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात असलेले हे गाव १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी डोंगरांमधल्या खिंडी पाळ घालून अडवल्या आणि इथला अफाट तलाव बांधला. हिवाळ्यात त्यावर स्थलांतरित बदके उतरतात. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले, तर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. गावचे माधवराव पाटील डोंगरवार हे चितमपल्लींचे रानातले सोबती आणि एका अर्थाने गुरूच. कोणत्या झाडावर कोणता पक्षी घरटे करतो, पाणवठ्यावर उमटलेला माग कुणाचा, हे पुस्तकांत न सापडणारे ज्ञान त्यांना डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून, गोंड आणि ढीवर माणसांकडून मिळाले. दौऱ्यावर पाहिलेले-ऐकलेले ते रोजनिशीत टिपून ठेवत. पुढच्या लेखनाची शिदोरी तीच. ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकात हा काळ आला आहे. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना पुस्तकात मानाने जागा देणे, हा मला त्यांच्या लेखनाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. साहेबी नजरेने रान पाहणाऱ्याला ते जमले नसते.

‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘शब्दांचं धन’ ही त्यांची गाजलेली पुस्तके. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र. त्यांच्या लेखनात प्रत्यक्ष निरीक्षण आणि लोकसमजूत हातात हात घालून येतात. ललित म्हणून त्याची गोडी अवीट आहे. शास्त्रीय पुरावा शोधणाऱ्याने मात्र दोन्ही निवडून घ्यावीत. संस्कृत ग्रंथांचाही त्यांनी नेटाने अभ्यास केला. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला ‘रातनिवारा’ असे शब्द त्यांनी मराठीत रुळवले.

निवृत्तीनंतरचा त्यांचा बराच काळ विदर्भातच गेला. पक्षी, प्राणी, वृक्ष, मत्स्य यांचे कोश हे एरवी संस्थेने मंडळ नेमून करायचे काम. ते त्यांनी उतारवयात एकट्याने अंगावर घेतले. २००६ मध्ये सोलापूरला भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अखेरच्या वर्षांत ते सोलापुरात परतले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी सोलापुरातच त्यांचे निधन झाले.