ताइजी: परंपरा चारशे वर्षांची की पन्नास वर्षांची?

१/ दरवर्षी १ सप्टेंबरला जपानच्या वाकायामा प्रांतातील ताइजी या लहानशा बंदरात डॉल्फिनच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि जगभर तोच वाद पुन्हा पेटतो. विरोधक म्हणतात, हे क्रौर्य आहे. समर्थक म्हणतात, ही चारशे वर्षांची परंपरा आहे. क्रौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडमध्ये ‘चारशे वर्षां’चा दावा तपासायचा आहे.

२/ ताइजी हे की द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ वसले आहे. मागे कुमानोचे दाट डोंगर, पुढे प्रशांत महासागर. भातशेतीला सपाट जमीन जवळजवळ नाहीच. मात्र जवळूनच कुरोशिओ हा उष्ण सागरी प्रवाह वाहतो आणि देवमासे स्थलांतर करताना किनाऱ्यालगत येत. जमिनीने जे दिले नाही, ते या गावाने समुद्राकडून घेतले.

३/ १६०६ मध्ये येथील वादा घराण्यातील चुबेई योरिमोतो याने देवमाशांच्या शिकारीसाठी पथके उभी केली. तोकुगावा शोगुनशाहीची स्थापना होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. होडीतून जवळ जायचे आणि दोर बांधलेले भाले, म्हणजे हार्पून, फेकायचे, अशी ही पद्धत होती. ‘चारशे वर्षां’ची मोजणी सुरू होते ती येथून.

४/ पुढे १६७५ च्या सुमारास याच घराण्यातील योरिहारू याने जाळ्यांची जोड दिली. देवमाशाला हाकत आणून जाळ्यांत अडकवायचे, त्याचा वेग मोडायचा आणि मग भाले चालवायचे. भाल्याला दाद न देणारे, मेल्यावर बुडणारे देवमासेही आता हाती लागू लागले. ही पद्धत पश्चिम जपानच्या किनाऱ्यावर दूरपर्यंत पसरली.

५/ या शिकारीची शिस्त एखाद्या सैन्यासारखी होती. भूशिरांवर टेहळणीची ठाणी असत. देवमासा दिसताच धूर आणि निशाणे यांनी खुणा केल्या जात. पाठलागाच्या होड्या, जाळ्यांच्या होड्या आणि शिकार ओढून आणणाऱ्या होड्या वेगवेगळ्या असत. पाठलागाच्या होड्यांवर सुंदर रंगीत चित्रे काढलेली असत. समुद्रावर आणि किनाऱ्यावर मिळून शेकडो माणसे एका मोहिमेत गुंतत.

६/ देवमाशाचा कोणताही भाग वाया जात नसे. मांस खाल्ले जाई. तेल दिव्यांत जळे आणि भातखाचरांतील किडीवरही वापरले जाई. हाडांचे खत होई. जबड्यातील लवचीक पट्ट्या यांत्रिक बाहुल्यांच्या कमानींसाठी उपयोगी पडत. एक देवमासा सात गावांना सुबत्ता देतो, अशा अर्थाची म्हण जपानीत रूढ झाली ती यामुळेच.

७/ मारलेल्या जीवाविषयी मनात बोचणी नव्हती असेही नाही. आजच्या यामागुची प्रांतातील कायोई या शिकारी गावात १६९२ मध्ये उभारलेले स्मारक आजही आहे. शिकारीत सापडलेल्या मादीच्या पोटातील पिल्ले तेथे पुरली जात आणि त्यांच्यासाठी बौद्ध विधी होत. जगण्यासाठी मारणे आणि मारल्यावर प्रार्थना करणे, दोन्ही एकाच हातांनी घडत होते.

८/ या व्यवस्थेला मोठा धक्का बाहेरून बसला. १८२० च्या सुमारास अमेरिकी आणि ब्रिटिश शिकारी जहाजे जपानच्या पूर्वेकडील समुद्रात पोहोचली. त्यांना मुख्यतः तेल हवे होते. १८५३ मध्ये कमोडोर पेरीच्या युद्धनौका जपानला आल्या, त्यामागील एक कारण याच जहाजांच्या खलाशांची सुरक्षितता आणि रसदीची सोय हे होते. दरम्यान किनाऱ्यावर येणारे देवमासे कमी होत गेले.

९/ २४ डिसेंबर १८७८. शिकार नीट न मिळाल्याने ताइजी हलाखीत होते. दिवस कलला असताना एक अवाढव्य राइट व्हेल मादी पिल्लासह दिसली. पिल्लासोबतच्या मादीला सोडून द्यावे, असा जुना संकेत सांगितला जातो. त्या दिवशी तो मोडला. रात्रभर झुंज चालली, होड्या खोल समुद्रात वाहून गेल्या आणि शंभराहून अधिक माणसे दगावली.

१०/ गावातील कर्त्या पुरुषांची एक पिढीच जणू बुडाली. जाळ्यांच्या शिकारीची जुनी व्यवस्था यातून पुन्हा कधीच सावरली नाही. पुढील दशकांत ताइजीची माणसे पोटासाठी परदेशी निघाली. कोणी कॅलिफोर्नियात मासेमारीला गेले, तर कोणी ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे मोत्यांच्या शिंपल्यांसाठी पाणबुडे झाले. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत.

११/ विसाव्या शतकात हार्पूनची जागा तोफेने घेतली. नॉर्वेजियन पद्धतीची यांत्रिक शिकार जपानने स्वीकारली. १९३४ पासून जपानी ताफे अंटार्क्टिकाला जाऊ लागले आणि त्यांवर ताइजीची माणसेही असत. महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईत, १९४६ मध्ये, अमेरिकी ताबा प्रशासनानेच या मोहिमांना परवानगी दिली. देवमाशाचे मांस शाळेतील जेवणात पोहोचले ते याच काळात.

१२/ आणि मग येते १९६९ हे वर्ष. त्या वर्षी ताइजीत देवमासा संग्रहालय उघडले. गावाला पर्यटन हवे होते आणि संग्रहालयाला जिवंत प्राणी हवे होते. म्हणून पायलट व्हेलचे कळप हाकत आणून पकडण्याचे संघटित काम सुरू झाले. नावात व्हेल असली तरी हा प्राणी डॉल्फिनच्याच कुळातील आहे. आज जगभर गाजणारी शिकार या कामातून वाढली.

१३/ पद्धत अशी: होड्या रांगेत उभ्या राहतात, पाण्यात सोडलेल्या धातूच्या नळ्यांवर हातोड्याने ठोकले जाते आणि त्या आवाजाला बुजून कळप खाडीत शिरतो. खाडीत चुकून आलेले कळप ताइजीत पूर्वीही पकडले गेले होते. इझु द्वीपकल्पात तर कळप हाकण्याची रीत फार जुनी आहे. परंतु ताइजीतील नियमित, संघटित हाकारा १९६९ नंतरचा.

१४/ मारण्याची पद्धत तर त्याहूनही नवी. मानेमागे धातूची सळई घालून मज्जारज्जू तोडण्याची रीत ताइजीने २००० च्या सुमारास स्वीकारली. ती उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरच्या पद्धतीवर बेतलेली आहे. म्हणजे ‘जपानी परंपरा’ म्हणून जिचे समर्थन होते, तिच्यातील एक मुख्य कृती युरोपातून आलेली आहे.

१५/ आता जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहावे. १६७५ ची शिकार प्रचंड देवमाशांची, वल्ह्याच्या होड्यांची, शेकडो माणसांच्या श्रमाची. आजची शिकार डॉल्फिनांची, इंजिनाच्या मोजक्या बोटींची आणि थोड्या मच्छीमारांची. प्राणी, साधने, बाजारपेठ, सगळेच बदलले आहे. टिकले ते गाव, समुद्र आणि आपण देवमाशांचे लोक आहोत ही भावना.

१६/ आंतरराष्ट्रीय नियमांतील एक फटही येथे महत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, तो १९८६ पासून अमलात आला. पण तो मोठ्या देवमाशांपुरता होता. डॉल्फिनसारख्या लहान प्राण्यांची शिकार देशांच्या अखत्यारीतच राहिली. त्यातच जिवंत डॉल्फिनला मत्स्यालये मांसाच्या कितीतरी पट किंमत देऊ लागली.

१७/ २००९ मध्ये ‘द कोव्ह’ हा माहितीपट आला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. रक्ताने लाल झालेली खाडी जगाने पाहिली. ब्रूमने ऑगस्ट २००९ मध्ये ताइजीशी असलेले भगिनी-शहराचे नाते स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोडले. १८७८ नंतर परागंदा झालेल्यांच्या कबरींनी जोडलेली ही दोन गावे या वादात अशी ओढली गेली.

१८/ आरोग्याचा प्रश्नही उभा राहिला. राष्ट्रीय मिनामाता रोग संस्थेने २०१० मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत ताइजीच्या रहिवाशांच्या केसांतील पाऱ्याचे प्रमाण जपानमधील इतर ठिकाणांच्या सरासरीच्या सुमारे चौपट आढळले. आजाराची लक्षणे मात्र आढळली नाहीत. दोन्ही बाजूंनी या अहवालातील आपल्याला सोयीचा भाग उचलला.

१९/ निर्णायक दबाव मत्स्यालयांवर आला. २०१५ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने जपानी संघटनेचे सदस्यत्व निलंबित केले. जपानी सदस्यांनी मतदान घेतले: ९९ विरुद्ध ४३ मतांनी जागतिक संघटनेत राहण्याचे ठरले आणि ताइजीतून डॉल्फिन घेणे सदस्यांनी थांबवले. भारताने त्याआधीच, २०१३ मध्ये, डॉल्फिनच्या खेळांसाठीच्या केंद्रांना परवानगी नाकारण्याची भूमिका घेतली होती.

२०/ ताइजीची बाजूही ऐकली पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांनी तेलासाठी महासागर उपसले, जे आजही गायी-डुकरे खातात, त्यांनी आपल्याला सुसंस्कृतपणा शिकवावा, हे गावाला अपमानास्पद वाटते. या रागाला ऐतिहासिक आधार आहे. मात्र दुसऱ्याचा दांभिकपणा सिद्ध झाला, म्हणून आपली कृती योग्य ठरत नाही.

२१/ एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ‘घडवलेल्या परंपरा’ ही कल्पना रुजवली. ताइजी त्या साच्यात पुरते बसत नाही. येथील जुना इतिहास बनावट नाही, तो खरा आणि रक्ताने लिहिलेला आहे. नवे आहे ते त्याचा दाखला एका वेगळ्याच व्यवसायासाठी देणे.

२२/ म्हणून ‘परंपरा’ हा शब्द ऐकला की तीन प्रश्न विचारावेत: नेमके काय चालत आले, कोठे खंडित झाले, आणि आज त्यावर कोणाचे पोट चालते? जुने असणे हे योग्यतेचे प्रमाणपत्र नव्हे आणि नवे असणे हा गुन्हा नव्हे. १८७८ मध्ये बुडालेल्या माणसांच्या नावाने आजचा डॉल्फिन-व्यापार न्याय्य ठरत नाही. त्याचा न्याय आजच्याच कसोटीवर व्हायला हवा.