चटईवरचा चहा आणि सनबर्न

१९८२ साली मुंबईत एक रेकॉर्ड निघाली. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड चालली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्यांतल्याच एका यंत्रातून तसाच किरकिरता आवाज काढला आणि 'ॲसिड हाऊस' जगभर गाजलं. सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये युरोपातून पुन्हा निघाली, तेव्हा ते सत्तरीत होते. २०१५ मध्ये ते गेले.

मी कवी, मात्रा मोजायची खोड. या संगीतात प्रत्येक ठोक्यावर सम, खाली नाहीच. म्हणूनच कुणालाही नाचता येतं.

हा ठोका आपल्या मातीत रुजला तो गोव्यात. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी हणजूणला, म्हणजे अंजुनाला, येऊ लागले. आधी गिटार होती. ऐंशीच्या दशकात यंत्रांचं संगीत आलं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल टेप लावून रात्रभर लोकांना नाचवायचा. तिकीट नाही, फाटक नाही. माडांखाली गावातल्या बायका चटया टाकून, कंदील लावून चहा-ऑम्लेट विकत. पहाटेपर्यंत त्यांची चूल विझत नसे. पर्यटनाच्या पुस्तकांत या बायका सहसा नसतात, पण त्या रात्रींचा खरा बाजार त्यांचाच होता. नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे नाव लंडन, जर्मनी, इस्राएलमधल्या सीडींवर झळकलं. माल इथला, शिक्का तिथला!

मग कायदा आला. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद केले. गावकऱ्यांना झोप हवी होती, त्यात चूक काहीच नाही. पण मध्यरात्री सुरू होणारी बिनतिकिटाची पार्टी दहाच्या आत कशी बसणार? बसली ती दिवसाची जत्रा. परवाने काढायला माणसं, प्रायोजक आणायला ओळखी, मोठं भांडवल. डिसेंबर २००७ मध्ये पर्सेप्ट कंपनीने कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' भरवला. २०१६ मध्ये तो पुण्यालाही आला. तिकीट, मनगटाला पट्टा, भाड्याचे स्टॉल. अशा ठिकाणी चटई टाकून बसता येत नाही.

आमच्या नांदगावात हाच ठोका वेगळ्या वाटेने आला. इथे ना गोवा गिल, ना सनबर्न. रिमिक्स गाणी, लॅपटॉप आणि पिकअपवर रचलेली स्पीकरची भिंत. लोक तिला डीजे म्हणतात. दहाचा नियम इथेही तोच, पण डीजेचा फटका बसला तो बँडपार्टीला. वरातीत ट्रंपेट, क्लॅरिनेट वाजवणारे आमच्या मोहल्ल्यातले बरेच होते. दहा-बारा माणसांची सुपारी आता एका मशीनला आणि दोन पोरांना मिळते. त्यातले एक चाचा परवा मला सांगत होते, की क्लॅरिनेट अजून घरात आहे, पण त्याची पत्ती मिळायला आता मालेगावला जावं लागतं.